एका वेळी एकच तबकडी

बेळगाव

चि. बाळास,


परवा फोनवर तू सांगितलंस की बंगळूरला जयनगरच्या तुझ्या खोलीवर आता दर पंधरवड्याला पाच-सहा मित्र जमतात, प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक अल्बम आणून सगळ्यांना ऐकवायचा असं ठरलंय, आणि मामाने तुला दहा चांगली नावं सुचवावीत. फोनवर मी हो म्हटलं. नंतर विचार केला आणि दहा नावं द्यायची नाहीत असं ठरवलं. का, ते फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून हे पत्र.

नावांच्या याद्या तुझ्याकडे भरपूर आहेत. फोन उघडला की शंभर अल्बम पुढ्यात येतात, आणि एकाने दहा दुवे पाठवले की दुसरा वीस पाठवतो. ते ऐकतं कोण? यादी पाठवणाऱ्याला आपण किती ऐकलंय हे दाखवल्याचं समाधान मिळतं आणि घेणारा "नंतर बघू" म्हणून पुढे जातो. तुमच्या ठरावात मला एकच बदल सुचवायचा आहे. तुझ्या आवडीचं काय न्यायचं हा प्रश्न दुसरा. कुणासाठी न्यायचं, हा पहिला. मित्राचा कान कशावर वाढलाय, त्याला काय सहज लागेल आणि कुठे तो अडखळेल, एवढा विचार करून निवडलेली एक ध्वनिमुद्रिका त्याच्या आयुष्यात राहते.

एक ध्वनिमुद्रिका किती करू शकते याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. रोणला जन्मलेले भीमसेन जोशी गदगमध्ये लहानाचे मोठे होत होते. तिथल्या एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांच्या कानावर पडली. ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. असं गाणं आपल्याला यायला हवं या ओढीने १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या मुलाने घर सोडलं. गुरूच्या शोधात ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असा सारा उत्तर हिंदुस्थान हिंडून झाला, आणि अखेर गुरू मिळाले ते घराजवळ, कुंदगोळात. सवाई गंधर्व. तेही त्याच खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे तबकडीने त्या मुलाला जिथे पोचवायचं तिथेच पोचवलं, फक्त लांबच्या वाटेने.

दुसरं नाव कुमार गंधर्वांचं. सुळेभावी आपल्या गावापासून किती जवळ ते तुला ठाऊकच आहे. तिथे १९२४ मध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ते हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक थक्क होत. पण पुढे देवधर मास्तरांकडे शिकताना आणि नंतर देवासच्या आजारपणाच्या वर्षांत त्यांनी जे शोधलं ते कुठल्याच तबकडीत नव्हतं. मला ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघायला फार आवडतं. एकाला तबकडीने घराबाहेर काढलं, दुसऱ्याला तबकडीच्या बाहेर पडावं लागलं. ऐकण्याची सुरुवात कुठूनही होवो, ती पूर्ण कान देऊन झाली की माणूस जागचा हलतोच.

आता तुझ्या मित्रांकडे येतो. त्यातला एक चेन्नईकडचा, कर्नाटक संगीतावर वाढलेला, दर रामनवमीला चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मंडपात जाऊन बसणारा, असं तू म्हणालास. त्याच्यासाठी पहिल्याच दिवशी विलंबित ख्याल नेऊ नकोस. त्याच्याकडे कृतीचा भक्कम सांगाडा आहे. आपल्या ख्यालात शब्द इतके थोडे का आणि गवई पुढे कधी सरकणार, याच विचारात तो अडकेल. त्याला अब्दुल करीम खाँसाहेबच ऐकव. ते म्हैसूर दरबारात जाऊन गात, कर्नाटक पद्धत त्यांनी मन लावून ऐकली होती आणि खरहरप्रिया रागातली त्यागराजांची एक कृती त्यांनी तबकडीवर गायलीसुद्धा आहे. तुझ्या मित्राला ती रचना पाठ असेल. ओळखीची रचना अनोळखी गळ्यातून येते तेव्हा कान आपोआप टवकारतो. तिथून खाँसाहेबांच्या झिंझोटीपर्यंत तो स्वतःच्या पायांनी चालत येईल, तुला ओढावं लागणार नाही.

दुसरा गिटारवाला. त्याच्यासाठी १९६७ सालचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ने. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, आणि तिसरं वाद्य ब्रिजभूषण काबरांची गिटार. गिटारवर मींड कशी येते ते ऐकून तो सरळ होऊन बसेल. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी त्या अल्बमची कल्पना आहे. सकाळच्या अहीर भैरवपासून ती पहाडीपर्यंत जाते. म्हणून मधलाच एखादा तुकडा लावू नकोस. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच क्रमाने ऐका. त्याची निर्मिती एचएमव्हीच्या जी. एन. जोशींची. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे तेच हे जोशी. स्वतःचं गाणं मागे ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं इतरांचं गाणं नोंदवलं. त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ माझ्या कपाटात आहे, पुढच्या खेपेला घेऊन जा. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मोठ्या कलावंताला बोलतं करायला काय काय लागतं ते त्यातून कळतं.

क्रमाबद्दल अजून थोडं, कारण तुमच्या पिढीचं इथेच नुकसान होतंय असं मला मनापासून वाटतं. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली, पुढे ती आपल्याकडे पोचली, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. साडेतीन मिनिटांत राग म्हणजे चेहरा दाखवून जाणं. वीस मिनिटांत आलाप, बढत, द्रुत अशी थोडीफार मांडणी होऊ शकते. त्या मुदतीत काय बसवायचं आणि काय सोडायचं, याचा कलावंतांनी कसून विचार केलेला आहे. अमीर खाँसाहेबांच्या एका प्रसिद्ध तबकडीवर एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा म्हणजे सूर्यास्ताची अस्वस्थ वेळ आणि दरबारी म्हणजे मध्यरात्र. तबकडी उलटायला जो वेळ लागायचा, त्यात आम्ही गप्प बसायचो. लगेच दुसरी बाजू लावली तर मारवा विरतच नाही. किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची तबकडीही तशीच. तुमच्या फोनवर एक राग संपला की श्वास घ्यायच्या आत यंत्र स्वतःच्या मनाने तिसरंच काही लावतं. ती सोय पहिल्यांदा बंद कर. आणि वेळेचं भान ठेव: तुम्ही रविवारी सकाळी जमता, तेव्हा मारवा नेऊ नकोस. जौनपुरी ने, तोडी ने. मारव्यासाठी एखाद्या शनिवारी संध्याकाळी बोलव सगळ्यांना.

ऐकवण्याआधी बोलू नकोस. "आता ही जागा बघ, आता काय येतंय बघ" असं सांगणाऱ्याने मित्राचा पहिला आनंद स्वतःच खाऊन टाकलेला असतो. मी बंगळूरला असताना मल्लेश्वरमला आमचंही असंच ऐकण्याचं मंडळ होतं; त्यात शिमोग्याचा एक सहकारी होता. १९७८ मध्ये निसार अहमदांच्या कवितांची, म्हैसूर अनंतस्वामींनी चाली दिलेली ‘नित्योत्सव’ कॅसेट आली, ती त्याने आणली. मला तेव्हा कन्नड बाजारापुरतं यायचं. त्याने काही न सांगता अख्खी कॅसेट वाजवली. मग चहा झाला. मग एकेका गाण्याचा अर्थ त्याने सावकाश सांगितला, आणि नंतर तीच बाजू पुन्हा लावली. दुसऱ्या ऐकण्यात मला आपलं भावगीत आठवलं. तोच घरगुतीपणा, तीच कवितेची अदब, आणि तरी माती वेगळी. बंगळूरशी माझं खरं नातं त्या संध्याकाळपासून जुळलं. आधी पूर्ण ऐकणं, मग बोलणं, मग पुन्हा ऐकणं: हा क्रम त्या माणसाचा आहे, आणि त्याहून चांगला मला पुढे कुठे सापडला नाही.

तू त्या शहरात राहतोस, तेव्हा त्या शहराचंही ऐक. सी. अश्वथांनी गायलेली संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं ऐक, मग त्याच शरीफांचं पद रघू दीक्षितच्या २००८ च्या पहिल्या अल्बमात कसं आलंय ते ऐक. भीमसेनजींची ‘अभंगवाणी’ आपल्या घरात रोज वाजते. त्यांनी गायलेली पुरंदरदासांची पदं तुझ्या एखाद्या कन्नड मित्राच्या घरात वाजत असतील. दोन्ही एका दिवशी, एकामागून एक ऐका. तुम्हा दोघांना एकमेकांच्या आयांबद्दल काहीतरी नवीन कळेल.

आता घेण्याविषयी. हे देण्यापेक्षा अवघड आहे. तुमच्यातला एक मेटल ऐकणारा आहे आणि त्याची पाळी आली की बाकीचे चुळबुळ करतात, हे तू हसत सांगितलंस, पण मला ते खटकलं. मार्च २००७ मध्ये पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन आले तेव्हा देशभरातून पोरं रेल्वेने बंगळूरला आली होती. २०११ मध्ये मेटॅलिकासाठी पुन्हा तसंच. इतक्या जणांना जे इतक्या लांबून ओढून आणतं ते नुसता गोंगाट असू शकत नाही. त्याच्या पाळीला तू सगळ्यांत शांत बस. संपल्यावर त्याला विचार की यात मी कशाच्या मागे जाऊ. तो बहुधा म्हणेल, आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसच्या बास गिटारच्या मागे जा. मग पुन्हा लाव आणि फक्त बास धर, जसा आपण तबल्याचा ठेका धरून बसतो तसा. आवडलं नाही तरी चालेल. पण तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय "आवडलं नाही" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, एवढा नियम स्वतःला घालून घे. पुढे कधीतरी त्याच्यासाठी १९७६ चा ‘शक्ती’ ने. जॉन मॅकलॉफलिनच्या गिटारसमोर झाकीर हुसेनांचा तबला, एल. शंकरांचं व्हायोलिन आणि विक्कू विनायकरामांचा घटम. वेगाची भूक असलेल्या कानाला लय काय चीज आहे ते तिथे कळेल, आणि तुझा चेन्नईवालाही त्या दिवशी पुढे सरकून बसेल.

कोण मोठा, भीमसेन की कुमार, हा वाद मंडळात शिरू देऊ नकोस. मी त्यावर चांगले मित्र तुटलेले पाहिलेत. ज्याची तबकडी चालू आहे तो त्या तासापुरता मोठा.

आणि एक वही ठेव. तारीख, काय ऐकलं, कुणी आणलं, आणि साथीला कोण होतं. हे शेवटचं विसरू नकोस. ॲपवर गायकाचं नाव ठळक असतं. तबला, सारंगी, हार्मोनियम कुणाची ते पुष्कळदा नसतंच, कधी रागाचं नावसुद्धा चुकलेलं असतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांनी तबकड्या दिल्या तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव पुकारत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. साथीदारांना ती संधी कधीच मिळाली नाही. त्यांची नावं आपण रसिकांनी जपायची. मुंबईत १९९० मध्ये रेकॉर्ड संग्राहकांची संस्था सुरू झाली, सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांची. जुन्या तबकड्या एकत्र बसून ऐकायच्या आणि त्यांची माहिती नीट छापून ठेवायची, हे त्या हौशी मंडळींनी स्वतःच्या पदराला खार लावून केलं. अशी माणसं नसती तर आज आपल्याला कितीतरी आवाज नुसते ऐकीव माहितीतून ठाऊक असते.

दहा नावं नकोत म्हणता म्हणता बरीच नावं झाली. पण ती एकदम नेऊ नकोस. पहिल्या रविवारी चेन्नईवाल्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेब, बाकीचं त्यानंतर. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने शेजारचे काका पुढच्या आठवड्यात बंगळूरला येताहेत, त्यांच्याबरोबर मामी कुंद्याची मिठाई पाठवणार आहे आणि मी माझी जुनी वही. तिच्यात आमच्या मंडळात काय काय ऐकलं ते लिहिलेलं आहे. मागची पानं कोरी आहेत, तुमचं तिथूनच सुरू कर. आणि त्यागराजांची ती कृती ऐकून तुझा मित्र काय म्हणाला ते मला सविस्तर कळव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा