नोकरी सोडून चावीचा धंदा? राजीनाम्याआधी एवढं करा

कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, किंवा फिटर म्हणून बरीच वर्षं काढूनही पगार जागचा हलला नाही, की तिशीतला माणूस स्वतःचं काहीतरी सुरू करायच्या विचाराला लागतो. "कुलूप-किल्लीचं काम शिकतोय" असं त्याने घरी सांगितलं, की आईवडिलांचे दोन प्रश्न ठरलेले. लोक काय म्हणतील? आणि यात घर चालेल का?

पहिल्या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. अर्देशीर गोदरेज वकिली सोडून शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या धंद्यात उतरले, तो चालला नाही, आणि 1897 मध्ये त्यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला घेतली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मात्र त्यांच्यामागे मेरवानजी कामा यांच्यासारखे भांडवल देणारे स्नेही होते, हेही मुलांना सांगा. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर वहीवर हिशेब मांडूनच मिळतं.

काम नेमकं काय असतं?

चौकात मशिनवर डुप्लिकेट चावी कापणं ही या धंद्याची पहिली पायरी. हरवलेल्या चावीच्या जागी नवी बनवणं हे खरं कसब. कोरी ब्लँक कुलपात घालून फिरवायची, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा उजेडात पाहायच्या आणि तेवढंच कानशीने घासायचं. यासाठी कुलपाचं पोट ठाऊक हवं. लिव्हरच्या कुलपात प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीवर उचलली गेली तरच खटका सरकतो. लॅचच्या सिलिंडरमध्ये छोट्या-मोठ्या पिना असतात, त्या एका रेषेत आल्या की सिलिंडर फिरतो.

त्यापुढचा टप्पा गाड्यांचा. आजच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत चिप असते. पातं हुबेहूब कापलं तरी गाडीच्या कॉम्प्युटरने चिप ओळखली नाही, तर इंजिन सुरू होत नाही. इथे प्रोग्रॅमिंगचं यंत्र लागतं. ते महाग असतं आणि नव्या मॉडेलांसाठी वेळोवेळी अपडेट करावं लागतं. म्हणून पहिल्याच वर्षी कर्ज काढून ते घेऊ नये. तिसरं काम डिजिटल कुलपांचं. ती बसवणं, दाराला नीट जुळवणं, बॅटरी संपून अडलेलं दार उघडून देणं, या कामांना नव्या सोसायट्यांमध्ये मागणी असते.

शिकायचं कुठे?

आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा मोटार मेकॅनिक या दोन वर्षांच्या ट्रेडमधून भक्कम पाया मिळतो. दहावीनंतर या वाटेने जाणाऱ्या मुलांना फिटरची कानस पुढे किल्लीवर उपयोगी पडते. बाकीचं शिक्षण मात्र जुन्या कारागिराच्या हाताखालीच होतं. सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे बसा, भंगारातली कुलपं आणून ती खोला आणि पुन्हा जोडा. त्याचं गिऱ्हाईक पळवणार नाही हा शब्द आधी द्या आणि पाळा.

हिशेब असा मांडा

समजा घरखर्च महिन्याला 25 हजार आहे. भाडं, पेट्रोल, फोन, हत्यारांची झीज असा धंद्याचा खर्च 8 हजार. म्हणजे 33 हजार हवेत. महिन्याचे 25 दिवस काम धरलं, तर रोज 1,320 रुपये सुटले पाहिजेत. एका साध्या चावीमागे ब्लँकचा खर्च जाऊन 40 रुपये उरत असतील, तर दिवसाला 33 चाव्या कापाव्या लागतील. नव्या माणसाला एका चौकात ते जमणं कठीण. पण घरी जाऊन केलेल्या कामात 400 सुटत असतील, तर अशा दोन फेऱ्या आणि 13 चाव्यांत तोच आकडा गाठता येतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या भागातले दर विचारून स्वतःचे आकडे घाला. मुद्दा एवढाच, की नुसत्या डुप्लिकेटवर घर चालवणं अवघड आहे. घरच्या फेऱ्या हव्यात, आणि त्या रात्री-अपरात्रीही येतात.

कागदपत्रं आणि योजना

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यावी लागते. फुटपाथवर बसायचं असेल, तर 2014 च्या पथविक्रेता कायद्याखालचं पालिकेचं प्रमाणपत्र पाहा.

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत कुलूप कारागिराचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात रोज 500 रुपये भत्ता, हत्यारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, आणि दोन टप्प्यांत मिळून 3 लाखांपर्यंत 5 टक्के व्याजाने विनातारण कर्ज, असं तिचं स्वरूप. पण अटी वाचा. अर्जदार नोंदणीच्या वेळी हे हाताचं काम स्वतः करत असला पाहिजे, फक्त "करणार आहे" म्हणून चालत नाही. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि घरात सरकारी नोकर असेल तर मिळत नाही. गेल्या पाच वर्षांत मुद्रा किंवा स्वनिधीचं कर्ज घेतलं असेल, तर ते पूर्ण फेडलेलं असावं लागतं. त्यामुळे आधी कोणतं कर्ज घ्यायचं, हे विचार करून ठरवा.

नाही म्हणायची तयारी

हा धंदा विश्वासावर उभा आहे. गिऱ्हाईक तुम्हाला आपलं दार उघडायला बोलावतं, म्हणून कोणाचं दार उघडायचं नाही याचे नियम पहिल्या दिवसापासून हवेत. साबणावर उठवलेला ठसा किंवा किल्लीचा फोटो घेऊन कोणी आलं, तर त्याला परत पाठवा. घराचं कुलूप उघडण्याआधी ओळखपत्र आणि त्या पत्त्याचा पुरावा पाहा, गाडीसाठी आरसी पाहा. घरमालक-भाडेकरू किंवा नवरा-बायको यांच्या भांडणातलं दार पोलीस हजर असल्याशिवाय उघडू नका. वहीत नाव, पत्ता, मोबाईल, वेळ आणि गिऱ्हाइकाची सही घ्या.

हे अति वाटत असेल, तर बँकांचं पाहा. भाडं थकलेला लॉकर फोडतानासुद्धा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हजर लागतात, शिवाय चित्रीकरणही करावं लागतं. उद्या एखाद्या चोरीच्या तपासात पोलीस तुमच्याकडे आले, तर ही वहीच तुमच्या बाजूने बोलेल. पहिल्या महिन्यात अशा "नाही"मुळे दोन पैसे कमी मिळतील. पण सोसायटीचे सेक्रेटरी, दवाखाने आणि कार्यालयं अशाच माणसाचा नंबर जपून ठेवतात.

राजीनामा कधी द्यायचा?

बारीक कामात हात थरथरतो, रात्री फोन उचलायचा कंटाळा आहे किंवा अडलेल्या माणसाकडून दुप्पट पैसे घ्यावेसे वाटतात, तर हा धंदा तुमच्यासाठी नाही. तसं नसेल, तर नोकरी न सोडता सहा महिने सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी काम करा. त्या काळात सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. सलग तीन महिने या कामातून घरखर्चाच्या निम्मी रक्कम सुटली, तर राजीनामा द्यायला हरकत नाही. पालकांनी त्या तीन महिन्यांचा हिशेब स्वतः मागून पाहावा. आकडा गाठला नाही, तर नोकरी चालू ठेवावी. शिकलेलं कसब वाया जात नाही, सुट्टीच्या दिवसाची कमाई तर होतच राहील.