पहिली उभी जेट स्की

सिंदी (मेघे), वर्धा

चि. बबलू यास,

तू पाठवलेले जेट स्कींचे तिन्ही फोटो पाहिले. मामीने बोटाने मोठे करून दाखवले, मग चष्मा लावून मी पुन्हा पाहिले. तिन्ही मशिनी झकास दिसतात, आणि त्यातली एकही तू घेऊ नयेस असं माझं मत आहे. काहून, ते लिहूनच कळवतो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी मालवणची आठवण डोक्यातून काढ. तिथे, अलिबागला किंवा गोव्यात पर्यटकांना फिरवतात ती बसून चालवायची, दोन-तीन सीटची. मागे त्यांचा पोरगा बसतो, थ्रॉटल त्याच्या हाती असतो आणि आपण फोटोपुरतं हँडल धरतो. तू घ्यायला निघालास तिला सीटच नाही. पुढे बिजागरीवर वरखाली होणारा दांडा, त्याच्या टोकाला हँडल, मागे पाय ठेवायला उघडा ट्रे. एवढाच तिचा संसार. ती पाण्यात थांबलेली असताना तिच्यावर भल्याभल्यांना उभं राहता येत नाही. सायकलीसारखा तिचाही तोल वेगातून येतो. म्हणून पाण्यात पालथं पडून, कोपरं ट्रेवर टेकवून हलका थ्रॉटल द्यायचा. ती ओढायला लागली की छाती वर, मग गुडघे, आणि गुडघ्यांवर नीट जमलं की एकेक पाऊल. सुरुवातीला तू गुडघ्यांवरच राहशील. आजूबाजूची पोरं उभ्याने जातील, जाऊ दे.

नवख्याचा निम्म्याहून जास्त वेळ पडण्यात आणि परत चढण्यात जातो. त्यामुळे ‘किती पळते’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचार. तुझं वजन घेऊन ती पाण्यावर किती तरंगते आणि उलटली तर तुला एकट्याला सरळ करता येते का, हे आधी बघ. तुझी आई सांगते की फिनिक्सला गेल्यापासून तू नव्वद किलोच्या पुढे गेलास. रागावू नको, पण मशीन निवडताना तोच आकडा कामाचा आहे.

आता फोटो. पहिली कावासाकी जेएस ५५०, ऐंशीच्या दशकातली. स्वस्त आहे, इंजिन साधं आहे, आणि मस्कतच्या बोट-वर्कशॉपात असताना मी ती खोललेली आहे, म्हणून तिच्याबद्दल मला माया आहे. पण अंगाने अरुंद. साठ किलोचा पोरगा तिच्यावर मजेत शिकेल. तू चढलास की तिचा मागचा भाग पाण्याखाली जाईल, तुला वाटेल आपल्यालाच जमत नाही, आणि महिन्याभरात तू ती विकून टाकशील.

दुसरी यामाहाची सुपरजेट, जुन्या चौकोनी नाकाची. सुपरजेट १९९० मध्ये आली आणि २००८ मध्ये तिचं अंग बदललं, ही त्याआधीची. मशीन चांगलीच आहे. पण विकणारा अभिमानाने सांगतोय की हेड बदललंय, सायलेन्सर बदललाय, कार्बोरेटर मोठे टाकलेत. दुसऱ्याने छेडलेलं इंजिन पहिल्यांदा घेणाऱ्याने विकत घेऊ नये. कॉम्प्रेशन वाढवलेल्या हेडला साधं पेट्रोल चालत नाही, कार्बोरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण, थोडं चुकलं की पिस्टन जळतो, आणि बिघाड कंपनीचा की मागच्या मालकाचा हे शोधण्यात तुझा सगळा उन्हाळा जाईल.

तिसरी, मित्राने हप्त्यावर सुचवलेली कावासाकी एसएक्स-आर, २०१७ नंतरची, चार स्ट्रोकची. १४९८ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल भरून सुमारे २५० किलो, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. मोठी असल्याने ती पाण्यावर स्थिर असते हे खरं, त्यामुळे दुकानदार ‘नवख्यालाही चालेल’ म्हणेल. पण अडीचशे किलोचं धूड उलटलं, वारा सुटला आणि तू दमलेला असलास, तर? ती दोन-तीन वर्षांनी घे.

मला विचारशील तर कावासाकीचीच जुनी, दोन स्ट्रोकची ८०० एसएक्स-आर शोध. ती २००३ ते २०११ पर्यंत निघाली. लांब, रुंद, तुझ्यासारख्या गड्याला पाण्यावर धरणारी, आणि बिघडली तर घरच्या गॅरेजात खोलता येणारी. ती नाही मिळाली तर नव्वदीतली ७५० एसएक्स पाहा. अट एकच, कंपनीतून निघाली तशी हवी. रंगरंगोटी कितीही फाटकी असो.

आणि हप्ता भरायचाच असेल तर यामाहाने २०२१ मध्ये काढलेल्या चार स्ट्रोकच्या सुपरजेटचा विचार कर. १०४९ सीसी, तीन सिलिंडर, वजन १७० किलोच्या आसपास. नवख्यासाठी तीत इंजिनाची ताकद कमी ठेवायची सोय दिलेली आहे, दांडाही उंचीप्रमाणे लावता येतो. फक्त ती खोलायला तुझे हात उपयोगी पडणार नाहीत, कंपनीचं सर्व्हिस सेंटर लागेल. मी असतो तर दोन स्ट्रोकचीच घेतली असती. पण मी आरएक्स-१००च्या काळातला, माझं ऐकताना तेवढं वजा कर.

तुला दोन स्ट्रोक कळतो. आपल्या दारात राजदूत होती, तिच्या टाकीत ऑइल मोजून तूच घालायचास. इथेही तेच, पण प्रमाण त्या मशीनच्या पुस्तकात पाहून, आणि ऑइल बोटींच्या इंजिनाचंच. मोटारसायकलचं इंजिन वाऱ्याने थंड होतं, हे तळ्याच्या पाण्याने होतं. म्हणून जमिनीवर काही सेकंदांपलीकडे चालवायचं नाही.

दोन स्ट्रोकचं पाप मात्र तुला ठाऊक असावं. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनातून जवळजवळ चौथा हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, आणि ते सरळ पाण्यात. म्हणून कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोवर १९९९ पासून अशी इंजिनं बंद आहेत. तू ज्या तळ्यावर जाणार तिथले नियम मशीन घेण्याआधी वाच. तुझ्याजवळच्या लेक प्लेझंटचं पाणी प्यायला जातं. तू विचारलं होतंस ना, वर्ध्याला परत आलो तर ही चालवायची कुठे? इथे धाम नदीचं पाणी आपण पितो, बोर धरणाला लागून वाघांचं राखीव जंगल. आपल्या जिल्ह्यात तिला जागा नाही आणि नसावी. फार तर रामटेकजवळच्या खिंडसीला बोटिंग कर.

तसा तू योग्य जागी पोचलास. पाण्यावरच्या मोटारसायकलची कल्पना साठच्या दशकात ज्याने लढवली तो क्लेटन जेकबसन तुझ्याच अ‍ॅरिझोनातला, लेक हवासू सिटीचा, आणि मोटोक्रॉसचा गडी. बॉम्बार्डियेने १९६८ मध्ये काढलेली सी-डू बसायची होती, ती तेव्हा चालली नाही. मग कावासाकीने जेकबसनची उभ्याची कल्पना घेतली आणि १९७३ च्या सुमारास जेट स्की बाजारात आणली. जेट स्की हे कावासाकीच्या मालकीचं नाव, आपण सगळ्याच मशिनींना तेच म्हणतो. तुझ्याकडे जुन्या मशिनी आणि त्या दुरुस्त करणारी म्हातारी माणसं दोन्ही भरपूर सापडतील. दुकानापेक्षा अशा माणसाला गाठ.

मशीन बघायला जाशील तेव्हा सोबत कॉम्प्रेशन गेज ने. उसना मिळतो. दोन्ही प्लग काढ, त्यांच्या वायरी अर्थ कर, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून दोन्ही सिलिंडर मोज. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा १२० पीएसआयच्या खाली असला तर गोड बोलून निघून ये. प्लगचे रंगही बघून ठेव. मग खाली वाकून मागून पंप पाहा. इम्पेलरच्या पात्यांच्या कडा कुरतडलेल्या असतील तर मालकाने उथळ पाण्यात खडे ओढले आहेत. नंतर सगळं अंग बोटाच्या गाठीने वाजव. ट्रेच्या आसपास आवाज भद्द आला तर आतल्या फोमने पाणी प्यालंय, आणि ते वजन तू आयुष्यभर वाहशील. दांड्याच्या बुडाशी तडे पाहा. पेट्रोलच्या नळ्या कडक झाल्या असतील तर त्या बदलायचा खर्च किमतीतून कापून घे. तिकडच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं. समुद्रात चाललेली असेल तर बोल्ट सांगतीलच.

विकणाऱ्यालाही तपास. त्याला भोळेपणाने विचार, ‘मशीन आतून धुताना आधी नळ सुरू करायचा की इंजिन?’ बरोबर उत्तर असं: आधी इंजिन, मग नळ, बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलं तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरात शिरतं. तो ‘नळ आधी’ म्हणाला तर पुढचं ऐकायची गरज नाही. आणि उलटलेली मशीन कोणत्या बाजूने सरळ करायची हेही विचार. मागे त्याचं स्टिकर असतं. चुकीच्या बाजूने फिरवली तरी पाणी आत जातं.

कागद बघ. अंगावरचा बारा अक्षरी क्रमांक आणि कागदावरचा एकच आहे का, नोंदणी अ‍ॅरिझोनाच्या गेम अँड फिश खात्याकडे विकणाऱ्याच्याच नावाने आहे का. तळ्यावरून निघताना बूच काढून सगळं पाणी सांडायचं आणि मशीन वाळवायची. २००७ पासून तुमच्याकडच्या तळ्यांत शिंपल्यांची एक उपद्रवी जात पसरली आहे, ती एका तळ्यातून दुसऱ्यात नेणं गुन्हा आहे.

चालवण्याचं जास्त सांगत नाही, पाणीच शिकवेल. दोनच गोष्टी पाठ कर. हिला ब्रेक नाही, आणि थ्रॉटल सोडला की वळणंही नाही. वळवतो तो पाण्याचा झोत, झोत बंद तर हँडल नुसतं फिरतं. समोर बोट आली की घाबरून थ्रॉटल सुटतो आणि मशीन सरळ तिच्यावर जाते. मोकळ्या पाण्यात हे मुद्दाम करून बघ. दुसरं, मनगटाची दोरी बांधल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. तू पडलास की तीच मशीन बंद करते. लाइफ जॅकेट आलंच, हेल्मेटही घे, आणि खाली वेटसूटची जाड चड्डी. हसू नको. मागे झोताजवळ पडलेल्या माणसाच्या पोटात पाणी घुसून आतडी फाटू शकतात. कंपनी ते मशीनवरच छापते. कमरेइतक्या पाण्याहून उथळात सुरू करू नको आणि पहिल्या दिवशी एकटा जाऊ नको.

तुझ्या आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते काम तुझं.

एक राहिलं. जाण्याआधी विकणाऱ्याला फोन करून सांग की इंजिन आधी सुरू करून ठेवू नको. पोचल्याबरोबर झाकण उघडून हेडवर हात ठेव. गरम लागलं तर थंडीत सुरू होत नाही म्हणून त्याने आधीच तापवलंय. तास-दीड तास थांब, चहा पी, आणि थंड झाल्यावर तुझ्यासमोर सुरू करायला लाव. दोन्ही सिलिंडरचे आकडे आणि पंपाचा फोटो मला पाठव, मग पैशाचं बोल.

तुझा,
मामा