लॉगबुकात १७ मिनिटं

कॉलेजात असताना हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग सेंटरवर शिकायला जायचो. सुट्टीला गावी असलो, की कर्जतहून पहाटेची एसटी. राशीन, भिगवण करत सोलापूर रस्त्यानं थेट हडपसर. तिथले गाजलेले दिवस विसरलो. पौषातला एक दिवस मात्र, ज्या दिवशी काहीच घडलं नाही, तो राहिला. त्यातून हाती लागलेलं थोडंसं.

१. ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे माणसं लागतात. एकानं पंख सावरून धरायचा, एकानं केबल अडकवायची, एकानं खूण करायची. मग मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला विंच ती केबल सपाट्यानं गुंडाळते. उतरलेलं ग्लायडर पुन्हा ढकलत जागेवर आणायचं, हेही आपणच. घाम जमिनीवरच जास्त गाळला.

२. धूर बघून घ्यावा. त्या सकाळी शेकोटीचा धूर पुरुषभर वर गेला आणि आडवा पसरला. सर म्हणाले, "आज काही मिळायचं नाही." रात्रीच्या थंडीनं जमिनीलगत गार हवा साचते, तिच्यावर उबदार थर बसतो. ऊन चांगलं तापेपर्यंत खालची हवा वर चढत नाही; आणि ती चढली नाही तर ग्लायडरला फक्त उतरणंच उरतं. विंचनं हजारेक फूट वर नेलं, तर सहाएक मिनिटांत चाक जमिनीला.

३. सगळ्यात स्वस्त यंत्राकडे आधी बघावं. कॅनॉपीवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो समोरून मागे सरळ राहिला तर ग्लायडर नीट चाललंय. तिरका झाला तर रडरवरचा पाय चुकतोय. एरवी माझे डोळे चढ-उतार दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरच्या काट्यावर, कुठे थर्मल, म्हणजे वर चढणारी उबदार हवा, लागतंय का या हावेनं. त्या दिवशी काटा मेल्यासारखा खालीच होता. मग नाइलाजानं धागा बघितला. प्रत्येक वळणावर तो वाकडा! इतके दिवस मी घसरत वळत होतो आणि वर जायच्या नादात ते कळलंच नव्हतं. सर मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, "दिसला का एकदाचा?"

४. घारीला विचारावं. आमच्याकडे रेहेकुरीच्या काळविटांच्या माळावर दुपारी घारी पंख न हलवता चढत जातात. कुकडीच्या पाण्यावर भिजलेल्या उसापेक्षा कोरडा माळ आणि नांगरलेलं काळं रान लवकर तापतं आणि तिथूनच हवा वर चढते, हे मला हडपसरला शिकवलं. घरी सांगितलं तर आजोबांना त्यात नवल वाटलं नाही. अनवाणी पायांना ते आधीच ठाऊक होतं.

५. नावं कुठून येतात ते बघावं. आपल्या देशात आखलेल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावं दिली: अश्विनी, भरणी, रोहिणी, आर्द्रा. त्यातली रोहिणी १९६१ साली पहिल्यांदा उडाली. कर्जतसारख्या अवर्षणी तालुक्यात ही नावं मान वर करूनच घेतात, पण पावसासाठी.

त्या दिवशी माझी ३ उड्डाणं झाली, मिळून १७ मिनिटं. रात्री घरी पोचलो तेव्हा आजोबा जागेच होते.

"रोहिणीत बसलास का?"

"नाही आजोबा, ब्लॅनिकमध्ये."

"ते रे कुठलं नक्षत्र?"