साक्ष तुमची, गोष्ट दोघांची

नवा बाप्तिस्मा घेतलेला माणूस सगळ्यात आधी जुन्या दोस्ताकडे धावतो. ज्याच्याबरोबर प्यायला, उधळला, त्यालाच आपलं नवं सुख सांगावंसं वाटतं. ते शास्त्राला धरूनच आहे. अंद्रियाला येशू भेटला तेव्हा त्याने आधी आपला भाऊ शिमोन याला गाठलं होतं. पण अनोळखी माणसाशी बोलणं सोपं, जुन्याशी अवघड. अनोळख्याला तुम्ही आजचे दिसता, जुन्याला तुमचा सगळा हिशेब तोंडपाठ असतो. मंडळीतली तरुण पोरं मला याबद्दल विचारतात, कारण मी दोन्ही बाजूंना बसलेला माणूस आहे. मी विश्वासात येण्याच्या कितीतरी आधी असाच एक दोस्त माझ्या घरी आला होता.

नगरच्या एमआयडीसीत आम्ही दोघं एकाच कारखान्यात लेथवर होतो. पगाराच्या संध्याकाळी कुठे जायचो ते सांगायला नको. पुढे तो पुण्याला गेला, तिकडे कुणाच्या तरी प्रार्थनासभेत बसू लागला, दारू सुटली. आणि दिवाळीत, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, हातात नवा करार घेऊन आमच्याकडे हजर झाला. घरात माझी आई, बायको, आणि ओवाळून घ्यायला आलेला मेहुणा. फराळाची ताटं समोर होती. दोस्ताने चकली तोंडात टाकायच्या आधीच साक्ष सुरू केली. आधी स्वतःचं सांगितलं, ते ठीक होतं. मग म्हणाला, "वहिनी, तुमची ती अंगठी मोरीत वाहून गेली नव्हती. आम्ही दोघांनी ती सराफाकडे ठेवली होती."

मेहुण्याने ताट खाली ठेवलं. आई उठून आत गेली. दोस्त मात्र आपल्याच आनंदात. "पण प्रभूने मला त्याची क्षमा केली," असं म्हणून त्याने पुस्तक उघडलं. बायको म्हणाली, "तुम्हाला केली, बरं झालं. पण अंगठी माझी होती."

मी तेव्हा त्याला शिव्याच घातल्या. आज विश्वासी म्हणून त्या प्रसंगाकडे बघतो तेव्हाही मला तिची बाजू पटते. तो बोलला त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, पण त्या गोष्टीवर त्याच्या एकट्याचा हक्क नव्हता. जुन्या दिवसांत आपल्याबरोबर दुसरी माणसंही होती. त्यांतल्या कुणी बायकोपासून काही लपवलेलं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरत असतं, कुणी आपल्या वाटेने आधीच सुधारलेलं असतं. त्यांची लफडी चारचौघांत मांडायचा परवाना बाप्तिस्म्याबरोबर मिळत नाही. कबुली द्यायचीच असेल तर ज्याचं नुकसान केलं त्याला द्यावी, आणि त्यात दुसऱ्याचाही हात असेल तर आधी त्याला एकट्याला गाठून विचारावं.

मार्कच्या पाचव्या अध्यायातला तो कबरींमध्ये राहणारा भूतग्रस्त आठवा. बरा झाल्यावर त्याला येशूबरोबर नावेतून जायचं होतं. येशूने त्याला परत पाठवलं, आपल्या घरी, आपल्या माणसांत. काय सांगायला? तर प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते. गावकऱ्यांनी त्याला साखळ्यांनी जखडून ठेवलं होतं, तरी त्यांचे वाभाडे काढायला काही त्याला पाठवलेलं नव्हतं.

माझं मन वळलं ते कुठल्याही साक्षीने नाही. बरेच दिवस गेले आणि तो दोस्त पुन्हा आला, या वेळी हातात पुस्तक नव्हतं. बायकोला म्हणाला, अंगठीचे माझ्या वाटणीचे पैसे. एकदम जमले नाहीत म्हणून हप्त्याहप्त्याने देत राहिला. देवाचं नाव काढलं नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात रात्रीचा तोच बसायचा. आई माळकरी, एकादशी कधी न मोडणारी. तिने "हरिपाठ लाव" म्हटलं की तो मोबाइलवर लावून द्यायचा. शेवटी मीच त्याला विचारलं, "तुझ्यात हे कुठून आलं?" मग आम्ही बोललो. पुढे मी विश्वासात आलो. आई नाही आली. तिच्या देव्हाऱ्यातला विठ्ठल ती जाईपर्यंत जागचा हलला नाही, आणि तो हलवावा असं मलाही कधी वाटलं नाही.

म्हणून मी पोरांना सांगतो, आधी उधारी फेडा. जक्कयाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत हसत हसत शिकवतो, बुटका जकातदार झाडावर चढला म्हणून. पण त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं, आणि त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण झालं. किराणावाल्याची वही, चुलत्याचे हातउसने, जामीन राहून अडकलेला मित्र, हे सगळं तसंच ठेवून तुम्ही शुभवर्तमान सांगायला गेलात तर समोरचा मनात बाकीच मोजत बसणार. त्याचं काय चुकलं?

धीराच्या बाबतीत आपल्याकडे टिळकांचं घर आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. ताटातूट झाली, नातेवाइकांकडे दिवस काढावे लागले, पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळंओवळं काही काळ सुटलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, तो स्वतःच्या मनाने. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र प्रत्येक नव्या विश्वाशाने वाचावं असं माझं मत आहे, तेही त्यांच्या बाजूने. मागे राहिलेल्या माणसाच्या मनाचं काय होतं ते त्यात आहे, आणि तुमच्या घरातलं माणूसही आत्ता तिथेच कुठेतरी उभं असतं.

जुनी माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. "किती पैसे मिळाले?" आणि "नाव बदललंस का?" चिडू नका. मिळाले नाहीत, बदललं नाही, एवढंच म्हणा आणि चहा प्या. मात्र पैशाचा प्रश्न ते उगाच विचारत नाहीत. जुना मित्र अडचणीत असेल तर जरूर मदत करा, पण त्याच बैठकीत येशूबद्दल बोलू नका. मदत आणि उपदेश एका ताटात वाढले की दोन्ही नासतात. कायद्याचंही भान ठेवा. घटनेच्या 25 व्या कलमाने धर्माचा प्रसार करायचा हक्क दिला आहे. पण ओडिशाचा 1967 चा आणि मध्य प्रदेशाचा 1968 चा धर्मांतराबाबतचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये उचलून धरला, आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं म्हटलं. बळजबरी, फसवणूक, आमिष यांना थारा नाही. कायदा नसता तरी नसावाच.

प्रसादाचं आधीच ठरवून जा. पौलाने करिंथकरांना मूर्तीच्या नैवेद्याबद्दल लिहिलंय, आणि आपल्या मंडळ्यांत त्याचे अर्थ वेगवेगळे लावतात. पाळकसाहेबांशी बोला. घ्यायचा नसेल तर हात जोडून नाही म्हणा, पण सत्यनारायणाला बोलावलेल्या घरात बसून मूर्तिपूजेवर प्रवचन झोडू नका. शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी वचनं टाकणाऱ्यांना तर मी सरळ नको म्हणतो. निम्मे वाचत नाहीत, उरलेले भांडतात.

आणि एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. आजारी मित्रासाठी प्रार्थना करा, त्याची हरकत नसेल तर त्याच्या खाटेजवळ बसून करा. पण "विश्वास ठेव आणि गोळ्या सोड" असं कुणी म्हणालं तर त्याला त्या घरातून हाताला धरून बाहेर काढा. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरने सुरू केल्या, बंद करायच्या त्या त्यानेच.

तेव्हा जुन्या मित्राकडे जाणार असाल तर आधी फोन करा. भाऊबीज, बारसं, वर्षश्राद्ध असले दिवस टाळा. मंडळीतली चार माणसं बरोबर नेऊ नका. त्याला एकट्याला भेटा, त्याचं देणं असेल ते पहिल्यांदा हातात द्या, आणि त्याचं काय चाललंय ते विचारा. तुमचं सांगायला पुढची भेट आहे.