कमरेखाली लुळेपणा आल्यावर खेळ

मूळचे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कमरेखाली लुळेपणा आला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले.

'आता खेळ पुरे' असे घरच्यांनी रुग्णाला सांगू नये. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, म्हणून पोहणे उपयुक्त. मात्र डॉक्टरांची संमती घ्यावी आणि सोबतीला जाणकार माणूस असावा.

बधिर भागाला झालेली इजा कळत नाही. म्हणून रोज कुल्ले, पाठ व टाचा आरशात तपासाव्यात. लाल डाग दिसल्यास त्यावर भार देऊ नये. उघडी जखम असताना पाण्यात उतरू नये.

मज्जारज्जूच्या इजेनंतर, विशेषतः इजा मानेजवळ असल्यास, त्याखालच्या भागाला नीट घाम येत नाही आणि अंग तापते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकते. अशा रुग्णांनी भल्या सकाळीच खेळावे, अंगावर पाणी शिंपडावे व डोके दुखू लागताच थांबून सावलीत यावे.