दगडफूल व खवले मांजर: नोंद आणि संरक्षण

महसूल खात्याच्या दप्तरांत उभी हयात काढल्यामुळें एक गोष्ट मला पक्की ठाऊक झाली आहे. जें सातबाऱ्यावर चढलें नाहीं तें जमिनीवरही नाहीं, असें समजणें ही मोठी चूक होय. वनांतील जीवांसही हें लागू पडतें. उदाहरणादाखल गोड्या मसाल्यांतील दगडफूल व रानांतील खवले मांजर घेऊं.

दोहोंचीं नांवें फसवीं आहेत. दगडफूल हें दगड नव्हे, फूलही नव्हे. किंबहुना तो एकटा जीवच नव्हे. ती बुरशी व शैवल यांची भागीदारी आहे. बुरशी आसरा व ओलावा देते, शैवल सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें. हें दुहेरी स्वरूप सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ सालीं मांडिलें. वर्गीकरणांत मात्र नांव बुरशीचें धरितात. म्हणून दगडफुलाची जागा कवकसृष्टींत.

खवले मांजर हें मांजराच्या कुळांतील नव्हे. तें पिलांस दूध पाजणारें, म्हणून सस्तन वर्गांतील. परंतु त्याचा गण निराळा, फोलिडोटा नांवाचा. त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. मुंग्या व वाळवी हें त्याचें अन्न. अर्थात् तें शेतकऱ्याचें मित्रच होय.

आतां संरक्षणाची नोंद पाहूं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादींत भारतीय खवले मांजर ‘संकटग्रस्त’ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत तें असल्यानें शिकारीस तीन ते सात वर्षें कैद आहे. खवले औषधी असल्याच्या समजुतीनें त्याची चोरटी शिकार होते. म्हणून २०१६ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासही बंदी ठरली.

दगडफुलाच्या वर्गाकडे पाहिलें तर रकाना बहुतेक कोराच! लाल यादीसाठीं बुरशींच्या फारच थोड्या जाती तपासल्या गेल्या आहेत. व्यापार-नियंत्रणाच्या करारांत तर एकही बुरशी नाहीं. पण नोंद नाहीं म्हणून धोका नाहीं, असें नव्हे. दगडफूल वर्षाकाठीं कांहीं मिलिमीटरच वाढतें. दूषित हवा त्यास सोसत नाहीं. जुनें झाड पडलें कीं त्याचा आसराही जातो.

यास्तव बांधावरील जुनीं झाडें राखावीं. दगडफूल काढतांना साल खरवडूं नये, कांहीं भाग तसाच ठेवावा. खवले मांजर दिसल्यास त्यास न डिवचतां वनखात्यास कळवावें. दप्तर पुरें होईल तेव्हां होवो. पीक राखण्यास शेतकरी तलाठ्याची वाट पाहत बसत नाहीं.