न आलेल्या पैशावर उभा राहिलेला धंदा: बोरुसिया डॉर्टमुंडची गोष्ट

आजचा केस स्टडी एका फुटबॉल क्लबचा आहे. फुटबॉल कळत नसेल तरी चालेल, हिशोब कळला पाहिजे.

जर्मनीतला बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब 1909 चा. 1997 मध्ये त्यांनी युरोपातली सर्वांत मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग जिंकली. 2000 मध्ये शेअर बाजारात उतरणारा तो पहिला जर्मन क्लब ठरला. हातात पैसा खेळू लागला. अमोरोसोसारखे महागडे खेळाडू आले, आणि 2002 मध्ये लीगचं विजेतेपदही मिळालं.

मग चुकलं कुठे?

खर्च पक्का होता, पण उत्पन्न अंदाजाचं. दरवर्षी चॅम्पियन्स लीगचा पैसा येणारच, असं धरून पगार ठरले होते. 2003 मध्ये पात्रता फेरीत बेल्जियमच्या क्लब ब्रुजकडून पेनल्टीवर हार झाली आणि तो पैसा आलाच नाही. पगार मात्र चालूच! कर्ज दहा कोटी युरोंच्या वर गेलं. आपलं स्टेडियम विकून त्यातच भाड्याने राहायची वेळ आली. पगार भागवायला कट्टर प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिककडून 20 लाख युरो उसने घ्यावे लागले.

14 मार्च 2005. ड्युसेलडॉर्फ विमानतळावर स्टेडियमच्या गुंतवणूकदारांची बैठक होती. ते 'नाही' म्हणाले असते, तर क्लब बुडाला असता. त्यांनी देणी पुढे ढकलायला होकार दिला.

आता सावरले कसे, ते नीट बघा.

1. आधी खर्च कापला. खेळाडूंचे पगारही कमी झाले.

2. जे विकण्यासारखं होतं ते विकलं. स्टेडियमचं नाव एका विमा कंपनीला दिलं. नंतर कर्ज नव्याने बांधून स्टेडियम परत मिळवलं.

3. नावाला नाही, गुणाला पैसे दिले. 2008 मध्ये प्रशिक्षक युर्गन क्लॉप आले. जपानचा कागावा अवघ्या साडेतीन लाख युरोंत मिळाला. पोलंडहून लेवांडोव्स्की आला, ग्योट्झे तर घरच्याच अकादमीत घडला.

निकाल? 2011 आणि 2012, सलग दोन विजेतेपदं! कागावा दोन वर्षांत मँचेस्टर युनायटेडकडे गेला, तोही घेतल्या किमतीच्या कित्येक पटींनी.

आता वही-पेन घ्या. पुढच्या सहा महिन्यांचं उत्पन्न दोन रकान्यांत लिहा: 'ऑर्डर हातात आहे' आणि 'येईल असं वाटतंय'. दुकानाचं भाडं, कामगारांचे पगार, कर्जाचा हप्ता, हे सगळं पहिल्या रकान्यातूनच भागतंय का? भागत नसेल, तर दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरच्या भरवशावर नवं मशीन घेऊ नका. ऑर्डर चुकली तरी हप्ता चुकत नाही.

धंदा मोठा असो वा टपरीएवढा, नियम एकच: अंदाजावर स्वप्न बघा, खर्च मात्र खात्रीच्या पैशातून करा.